मोहरीएवढे मणी

विक्रोळी (पूर्व),
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रुते,

स. न. वि. वि. नमस्कार तू माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी म्हणून. विनंती शेवटी करीन. आणि विशेष म्हणशील तर हे सगळं पत्रच विशेष आहे.

फोन का केला नाहीस म्हणून ओरडशील. अगं, आमच्या दीड खोलीत मी फोनवर बोलायला लागले की आई गॅस बारीक करते, नीट ऐकू यावं म्हणून. मग आपली जुनी ब्रेलची पाटी आणि टोचणी शोधून काढली. शाळेत असताना माझ्या चिठ्ठ्या चोरून वाचता याव्यात म्हणून तू ब्रेल शिकलीस ना, ती चोरी आज कामाला आली. आईला हे ठिपके वाचता येत नाहीत, आणि अंधांसाठीचं टपाल म्हणून वर तिकीटही लागत नाही. झकास की नाही?

तर बातमी. सोळा तारखेच्या रविवारी सुयोगची आई आणि मामा आमच्याकडे येतायत. मुलगी बघायला! मुलगा आंधळा, मुलगी आंधळी, आणि कार्यक्रम बघण्याचा. सुयोग म्हणजे तोच गं, कॉम्प्युटर क्लासमधला, मुलुंडचा, हल्ली बँकेत आहे तो. ज्याच्यावरून तू दोन वर्षं मला छळते आहेस तो. पहिल्या भेटीला मुलाला आणायची त्यांच्यात पद्धत नाही म्हणून त्याला घरी ठेवणार आहेत. तो वैतागलाय.

बाबांना मुलगा पसंत. म्हणतात, झील बरो आसा, आणखी काय होया? आईचं तोंड मात्र वाकडंच. दोन आंधळे एका घरात राहिले तर गॅस कोण बघणार, मूल झालं तर ते कुठे पडलं-झडलं कोण बघणार, हेच पुराण रोज. तिच्या मनात कणकवलीचा तो बिजवर आहे. दोन मुलं आहेत त्याला, वय विचारू नकोस, पण दिसतं हो त्याला! एवढ्या एका गुणावर तिने त्याला पास केलंय.

आता खरी मज्जा ऐक. मी तुमच्या कंपनीच्या, ‘सहजा’च्या साइटवरून गळ्यातलं मागवलं. एकटीने. आजवर माझ्या अंगावर जे काही चढलं ते आईने निवडलेलं. मी फक्त मान पुढे करायची. बाकीच्या साइटवर जाऊन बघितलं होतं मी. माझा फोन वाचतो काय, तर चित्र, चित्र, बटण, चित्र. एका ठिकाणी तर मी माणूस आहे हे सिद्ध करायला चित्रांतले सिग्नल ओळखून दाखव म्हणाले. तुमच्याकडे ते ‘ऐकून घ्या’ दाबलं आणि अक्षरशः दुकानात बसल्यासारखं वाटलं. कानातलं तांदळाच्या दाण्याएवढं आहे, कडा बोचत नाही, मागची फिरकी मोठी आहे. असं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं गं. वर्णनं तूच लिहिली आहेस हे मी दुसऱ्या वाक्याला ओळखलं. फक्त ती चुंबकाची कडी आंधळ्यांना कशाला? आमच्या बोटांना काय धाड भरली आहे? पण टक् करून बसते ते आवडलं.

काय मागवलं ते सांगणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही, पार्सल ऑफिसात घेतलं. रविवारी एकदमच घालीन. विनंती ही की त्या दिवशी तू ये. तुझ्यासारखं बडबडं कोणीतरी घरात हवं. कार्टे, नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो रविवारी सोबत घेऊन ये.

तुझी,
प्रांजू

*

चारकोप, कांदिवली (प.),
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रांजू,

स. न. वि. वि. आणि तुझ्या विनंतीला आधीच नकार. सॉरी यार! रविवारी आमचं फोटोशूट आहे, अंधेरीला. सर्वेश सर म्हणजे आमचे मालक स्वतः येणार, मला सुटका नाही. शिव्या घाल, पण मनातल्या मनात घाल, टोचून पाठवू नकोस.

किती वर्षांनी हातात टोचणी धरली! उलटीकडून लिहायचं हेच विसरले होते, पहिला कागद वाया गेला. पण तुझ्या पत्राने मी इतकी खूश झाले म्हणून सांगू. सगळ्या ऑफिसला सांगितलं, माझ्या मावसबहिणीने एकटीने खरेदी केली म्हणून. चुंबकाची कडी तुमच्यासाठी नाहीच मुळी. ती आमच्या ल्युसी आंटीसाठी. आमच्याकडे प्रत्येक नमुना त्या घालून बघतात. अर्धांगाच्या झटक्याने एक हात लुळा पडला, तेव्हापासून गळ्यातली साखळी सुनेला विचारून घालावी लागायची. पहिल्यांदा एका हाताने स्वतः घातली तेव्हा बाई रडल्याच. नंतर काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

वर्णनांचं म्हणशील तर त्यात माझा जीव गेलाय. हाताला काय लागेल तेवढंच लिहायचं असा नियम. आणि रंगाचा एकही शब्द नको. हे सर्वेश सरांचं. ते म्हणाले, ज्यांनी रंग कधी पाहिलाच नाही त्यांना लाल-निळं सांगणं म्हणजे त्यांच्या दुःखावर बोट ठेवणं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मी बसून एकेक रंग काढून टाकला, अगदी नावांतलासुद्धा. आमचा सगळ्यात खपणारा प्रकार म्हणजे ‘ब्लॅक बीड्स’. हल्ली ऑफिसला जाणाऱ्या मुली घालतात ते आखूड मंगळसूत्र गं, वाट्याबिट्या नसतात, एखादं पान नाहीतर खडा. त्याचंही ऐकायच्या पानावर नुसतं ‘बीड्स’ करून टाकलं. तुला एवढं आवडलं म्हणजे कष्टांचं सोनं झालं.

सुयोगच्या आईसमोर जास्त बोलू नकोस. म्हणजे नेहमीच्या अर्धं बोल. मावशीकडे लक्ष देऊ नकोस, एकदा नातं ठरलं की तीच सगळ्यांना पेढे वाटत फिरेल. आणि काय मागवलंस ते कळव तरी!

ती. मावशी-काकांना सा. न. आणि तुला माझा लोभ, लग्नाच्या आहेरापर्यंत पुरेल एवढा.

तुझी,
श्रुतिका

*

विक्रोळी (पूर्व),
१९ नोव्हेंबर २०२५

श्रुतिका,

नमस्कार. बाकीची अक्षरं आज सुचत नाहीत.

तुझं पत्र काल, मंगळवारी आलं. फुकटचं टपाल, त्याच्या मर्जीने येणार. रविवारच्या आधी आलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तू आली असतीस तरी आली नसती. पण तू फोटो काढत होतीस.

मी बीड्स मागवले होते. ‘मोहरीएवढे मणी, एकसारखे, गुळगुळीत, मधोमध नखाएवढं पान, माळ गळ्यालगत बसते.’ तुझंच वाक्य. मोहरी काळी असते हे मलाही माहीत आहे श्रुते, पण तू आकार सांगत होतीस.

रविवारी नवा ड्रेस घातला, माळ घातली, टक् केलं. आई आतून आली. माळ थोडी कॉलरच्या आत गेली होती. ती तिने दोन्ही हातांनी बाहेर काढली, पान बरोबर मध्ये आणलं आणि काही न बोलता गेली. मला वाटलं, विरघळली. एवढी वर्षं भांडलो आम्ही, आणि ती माझ्या पसंतीची माळ सरळ करून गेली.

मग ती माणसं आली. सुयोगची आई जिन्यातून बोलत बोलत येत होती, तिच्या गुडघ्यांचं, आमच्या लिफ्टचं. आत आली, बसली आणि बोलायची थांबली. चहाचा ट्रे मी नेला, नेहमी मीच नेते, एक थेंब सांडत नाही. तिने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. मामांनी बाबांना गाव विचारलं, खोकले, आणि उठलेच. आई ओटी घेऊन पुढे झाली तर सुयोगची आई म्हणाली, आज राहू द्या. दार लागल्यावर मी आईला विचारलं काय झालं. ती म्हणाली, मोठी माणसं आहेत, घर आवडलं नसेल.

संध्याकाळी सुयोगचा फोन आला. त्याने विचारलं, तुझं आधी लग्न झालं होतं का? मी हसले, नाही रे म्हटलं. तो हसत नव्हता. त्याची आई म्हणत होती, पोरगी मंगळसूत्र घालून बसली होती, एकतर लपवतायत नाहीतर आपली थट्टा चालवली आहे.

मी माळ हातात धरून बाबांना रंग विचारला. बाबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, काळो. आणि मग म्हणाले, कोणाचा आसा गो ह्या? तोवर त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांना आईच्या गळ्यातलं तरी कधी दिसलंय! आई म्हणाली, तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

आता तुझ्या त्या सरांना सांग. मला रंग दिसत नाही म्हणजे तो मला लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं? संक्रांतीला काळं, मयताला पांढरं, डोहाळजेवणाला हिरवं, सगळं मला तोंडपाठ आहे. पाठ करावंच लागतं. चुकलं की हसणारे सगळे डोळस असतात. तुम्हाला रंग दिसतो, तुम्ही चुकलात तर आरशात बघून बदलाल. मला तर तो शब्दच हवा होता, आणि नेमका तोच तुम्ही माझी दया येऊन काढून टाकलात. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्या पाण्याने माझी वाट लागली.

भांडण नंतर करू. आत्ता एक काम कर. मुलुंडला जा, सुयोगच्या आईला साइटवरचं ते पान ऐकव, सांग की चूक तुमची आहे. मला हे लग्न हवंय श्रुते. दुसरं काही नको. पत्ता सुयोग कळवेल.

प्रांजल

*

चारकोप,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रांजू,

स. न. वि. वि. ही अक्षरं तू लिहिली नाहीस म्हणून मी दोनदा लिहिते असं समज.

मी मुलुंडला जाऊन आले. सुयोगच्या आईने पाणी दिलं, बसवून घेतलं, पान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चूक आमची, मीच लिहिलंय, माझं नाव लिहून घ्या, सगळं सांगितलं. बाई वाईट नाहीत गं. त्यांना पटलं. फोन खाली ठेवून म्हणाल्या, पोरीला कळलं नाही हे मी समजू शकते. पण तिची आई माझ्यासमोर बसली होती, तिच्या गळ्यात स्वतःचं मंगळसूत्र होतं, तिला दिसत नव्हतं का? कुठली आई पोरीला तसं बसू देईल? म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी. मी मावशीच्या चष्म्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, चष्मा नसताना त्यांनी माझ्या साडीचे काठ ओळखले, इरकल ना म्हणून विचारलं. सुयोग शेजारी बसून सगळं ऐकत होता. एवढंच म्हणाला की तुझ्या आईने एकदा येऊन त्याच्या आईशी बोलावं.

ऑफिसचं ऐकून तुझं डोकं फिरेल, तरी सांगते. मी सरांना सगळं सांगितलं. ते हळहळले. मग म्हणाले की ही फार हृदयस्पर्शी गोष्ट आहे, तुझी बहीण कॅमेऱ्यासमोर बोलेल का? मी उठून बाहेर आले. त्या संध्याकाळी मी स्वतः साइटच्या आत शिरून सगळ्या वर्णनांत रंग घातले. ‘काळे मणी, मंगळसूत्राचे’ असं लिहिलं. दोन दिवसांनी बघते तर सगळं पूर्ववत, आणि मला ताकीद. तुला एक दिलगिरीचा मेल आणि सवलतीचं कूपन येईल. उघडू नकोस.

मावशीला मी साधं, शाईचं पत्र टाकलंय, की तू मुलुंडला जा, दिसलं नाही म्हणायचं सोड आणि खरं काय ते सांग. प्रांजू, मला तिची शंका येते. तुला येते का, ते विचारायचीही भीती वाटते.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस. रंग काढले ते पुरे झालं.

तुझी,
श्रुतिका

*

विक्रोळी,
२ डिसेंबर २०२५

चि. श्रुतिका हिस सुलक्षणा मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. प्रांजल कामाला गेली, हे खाली पेपर वाचत बसले आहेत, तेवढ्यात लिहिते. तू मला खरं सांग म्हणतेस. लहान तोंडी मोठा घास घेतलास, असो.

मला दिसलं. मी काय आंधळी नाही. पण ती माळ मी घातली नाही. लहानपणापासून तिचा प्रत्येक कपडा मी काढून दिला, ड्रेसला बांगडी जुळवून दिली, टिकली मधोमध लावली, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. आणि एवढ्या मोठ्या दिवशी ही पोरगी मला न विचारता कुठूनसं मागवते आणि गळ्यात घालून उभी राहते. मी तिच्यासमोर उभी राहिले. वाटलं, आता तरी विचारील, आई, बरं दिसतंय का गं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, देवाशपथ सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. तिचं तिला सगळं करायचं होतं. मग मीही बोलले नाही. नुसती गप्प बसले, त्यात माझा काय गुन्हा?

तुम्हाला सगळ्यांना माझं तोंड वाकडं दिसतं. चार वर्षांची असताना तिने उकळत्या पेजेत हात घातला होता. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. त्या घरात ती पडली तर तो बघणार, की तो पडला तर ही बघणार? कणकवलीचा माणूस वयाने आहे थोडा, पण जेवताना ताटात काय पडलंय ते तिला सांगेल तरी. मी आणखी किती वर्षं? आई झाल्याशिवाय तुला नाही कळायचं गो.

मी मुलुंडला जाणार नाही. तूही चष्म्याचंच सांग. तुझ्या कंपनीची चूक आहेच, ती अंगावर घे, तुला काय फरक पडतो? तिला यातलं काही कळू देऊ नकोस. हे पत्र फाडून टाक.

तुझ्या आईला सांग, गावची सोलं आली आहेत, कोणाला तरी पाठव.

तुझी,
मावशी

*

चारकोप,
९ डिसेंबर २०२५

प्रिय प्रांजू,

स. न. वि. वि. या पाकिटात दुसरेही कागद आहेत. मावशीचं पत्र. जसंच्या तसं ब्रेलमध्ये टोचलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दोन रात्री गेल्या. तिने फाडून टाक म्हटलं होतं. मी फाडलं नाही. आधी तुझ्या वाट्याचा रंग काढला, आता तुझ्या वाट्याचं सत्यही मीच काढून घेणार का? ते वाच, मग पुढचं वाच.

ते शाईचं पत्र घेऊन मी परवा पुन्हा मुलुंडला गेले. तुला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मला वाटलं, एकदा का त्या बाईंनी हे वाचलं की सगळं मिटलं. तुझ्यावरचा डाग गेला, लग्न ठरलं. त्यांनी पत्र वाचलं. खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, बिचारी पोर, तिचा काडीचा दोष नाही. माझ्या तर छातीवरचा दगड उतरला. आणि मग म्हणाल्या, पण ज्या घरात सख्खी आई मुलीचं असं करते, त्या घराशी आम्हाला सोयरीक नको.

मी भांडले, प्रांजू. म्हटलं, आधी म्हणालात आई गप्प का बसली ते कळलं पाहिजे, आता कळलं तर हे? त्या म्हणाल्या, आमचा मुलगा आधीच असा, त्याला सासर तरी धड हवं. सुयोग तिथेच होता. काठीचं टोक लादीवर आपटत बसला होता. मी त्याला नाव घेऊन विचारलं, तुला काय वाटतं? तो काठी आपटतच राहिला. मी चपला घालताना जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, तिला सांग, मी फोन करीन.

केला का गं?

मला कळत नाही मी बरोबर केलं की सगळं घालवलं. तू लिही. शिव्या लिही, पण लिही. ऑफिस सोडावंसं वाटतं. रोज ल्युसी आंटी येतात, टक् करून साखळी घालून दाखवतात, आणि मग मी बसून राहते.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.

श्रुतिका

*

विक्रोळी (पूर्व),
२० जानेवारी २०२६

प्रिय श्रुते,

स. न. वि. वि. बघ, अक्षरं परत आली. म्हणजे तुझ्यावरचा राग तरी गेला असं धरायला हरकत नाही.

आईचं पत्र टोचायचे कष्ट उगाच घेतलेस. मला त्या रविवारीच कळलं होतं. बाबांनी काळो म्हटलं आणि मला तिची बोटं आठवली. चष्मा नसलेल्या बाईला कॉलरच्या आत गेलेली माळ बरी दिसली! ती बाहेर काढली, पान मध्ये आणलं, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. हे तिने तुलाही लिहिलं नाही, बघितलंस ना? मी मात्र तिला जवळ घ्यायला निघाले होते. पत्रात एकच गोष्ट नवीन कळली, की मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ते वाचून मी रडले. मी आयुष्यभर विचारत आले गं, प्रत्येक कपड्याला, प्रत्येक टिकलीला. एक दिवस विचारलं नाही.

सुयोगने फोन केला, नाताळानंतर. वेळ दे म्हणाला, आई हळूहळू वळेल म्हणाला. मी विचारलं, त्या दिवशी मी लग्न झालेलं नाही म्हणून सांगितलं तेव्हा तू कोणाचं खरं मानलंस? तो म्हणाला, आई खोटं कशाला बोलेल, तिने डोळ्यांनी बघितलं होतं. त्यालाही दिसत नाही, मलाही दिसत नाही, आणि माझा शब्द तपासायला त्याला डोळसच लागला. मी फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. आता तोही करत नाही.

आणि हसून घे. कणकवलीहून निरोप आला की मुलीचं आधी एक झालेलं आहे असं कानावर आलंय, तेव्हा नको. बिजवराला बिजवरीण चालत नाही! कोणी पसरवलं देव जाणे. आई दोन दिवस जेवली नाही. बाबा तिच्याशी बोलत नाहीत. खरं म्हणजे ते आधीही फारसं बोलत नव्हते, पण आता तिला ते कळतं.

माळ मी रोज घालते. दचकू नकोस. ऑफिसला घालून जाते, रिक्षात, रस्त्यावर. काय सांगू तुला, जादू आहे. रस्ता पार करून द्यायला येणारे जे पुरुष पूर्वी दंड धरायचे आणि पलीकडे गेल्यावरही सोडायचे नाहीत, ते आता हात न लावता वहिनी, इकडून या म्हणतात. मोहरीएवढे मणी, आणि केवढा धाक! तुमच्या पानावर हेही लिहायला हवं होतं. तू नोकरी सोडू नकोस. ‘काळे’ हा शब्द पुन्हा लिही, त्यांनी काढला की परत लिही. माझ्यासारखी दुसरी कोणीतरी तिथे ऐकत बसलेली असेल.

परवा आमच्याकडे हळदीकुंकू झालं. दरवर्षी आई बायकांना कुंकू लावते, मी तिळगूळ आणि वाण देते. यंदा मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्या बाईंना काही ठाऊक नाही. त्यांनी आईला मोठ्याने सांगितलं, अहो, लेकीला राहिलं की तुमच्या, आधी तिला लावा, आणि कुठे दिलीय हिला? आई करंडा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या बांगड्या अगदी जवळ वाजल्या. मी कपाळ पुढे केलं. तिने लावलं नाही. वळून आत गेली, आणि त्या बाईंनीच मग मला हळदकुंकू लावलं, आणि अखंड सौभाग्यवती हो म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला.

सगळ्या गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. ती माळ काढ गं बाई, पाया पडते तुझ्या, म्हणाली. रोज सकाळी उठल्यापासून ते समोर येतं, तिला बघवत नाही म्हणाली. ती रडत होती, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कडी चुंबकाची आहे, एका बोटाने निघते. मी बोट तिथवर नेलंही. मग तिला सांगितलं, आई, तुला बघवत नसेल तर बघू नकोस. मी कुठे बघते?

कळावे. लोभ ठेव.

तुझी,
प्रांजू